उंदरांचं दूध आणि राजूरची झोळी

आमच्या अकोले तालुक्याचं नाव इंग्रजीत गेलं की त्याचा हमखास अकोला होतो. शेवटच्या एका मात्रेपायी आमची पत्रं-पार्सलं विदर्भ हिंडून आलेली आहेत. माझ्या लेकीच्या मुलाखतीचं पत्र असंच तिकडची हवा खाऊन, मुलाखत उरकल्यावर चौथ्या दिवशी घरी आलं. त्यामुळे डॉ. कमल रणदिवे यांच्या एका इंग्रजी परिचयात ‘अहमदनगर जिल्ह्यातील अकोला तालुका’ आणि पुढे ‘राजपूर’ असं वाचलं तेव्हा आधी हसू आलं. मग उजेड पडला, हे तर आपणच! सत्यनिकेतन संस्था आहे ते राजूर. भंडारदऱ्याला आलेला पाहुणा ज्या गावचे पेढे बांधून घेतो, ते राजूर.

तो दिवस ८ नोव्हेंबर २०२१. गूगलने त्या दिवशी रणदिवेबाईंचं चित्र लावलं होतं, त्यांच्या १०४व्या जन्मदिनाचं. एका जुन्या विद्यार्थ्याने ते मोबाइलवर पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘मॅडम, या कोण? तुम्ही कधी शिकवलं नाही.’ खरंच होतं. या तालुक्यात मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, आणि ज्या बाईंनी उतारवयात आमच्या डोंगरातल्या पोरांच्या पोषणाच्या नोंदी तपासल्या, त्यांचं नाव एकदाही माझ्या तोंडून निघालं नव्हतं. निवृत्त माणसाला वेळ असतो. वाचायला बसले.

जन्म १९१७, पुण्याचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडिलांना वाटे, मुलीने डॉक्टर व्हावं. मुलगी वनस्पतींकडे वळली. १९४३ साली शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. केलं, विषय सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. हे वाचून मला फार बरं वाटलं. सीताफळ, रामफळ ही आमच्या ओळखीची मंडळी. त्याआधीच, १९३९ मध्ये, गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न होऊन बाई मुंबईला गेल्या होत्या, आणि सीताफळ सुटून कर्करोग हाती आला.

मुंबईत गुरू मिळाले ते डॉ. वसंत खानोलकर. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, त्याच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. रोग पाहताना माणसाच्या सवयी पाहणारा हा विकृतिशास्त्रज्ञ. कंबरेला वर्षानुवर्षं घट्ट कासलेल्या धोतरा-लुगड्याच्या काचण्याने त्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग, यावर त्यांनी सूर्याबाई या सहकाऱ्यांबरोबर १९४५ साली लिहिलं. माझ्या आजीच्या कंबरेवर नऊवारीच्या गाठीचा काळा पट्टा होता. आम्ही मुली त्यावरून हात फिरवायचो. तिला काही झालं नाही. पण सवयीतून रोगाकडे जाणारी वाट शोधायची, ही नजर शिष्येत उतरली असणार असं मला वाटतं, कारण राजूरला तीच नजर दिसते.

खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली पीएच.डी. झाली. मग रॉकफेलर शिष्यवृत्तीवर बाल्टिमोर, जॉन्स हॉपकिन्स, जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जगवायच्या कशा, हे त्या काळी जगात मोजक्या लोकांना जमे. गाय त्यांतले एक. हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी, ज्यांना आज सारं जग ‘हेला’ म्हणतं, त्या १९५१ साली याच प्रयोगशाळेत वाढल्या. रणदिवेबाई विद्या घेऊन परतल्या आणि परळला, भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

आता उंदरांकडे यायला हवं. बाईंच्या कामाचा गाभा तिथे आहे.

आमच्या तालुक्यात ‘वाण’ म्हटलं की बियाणं आठवतं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी भाताचे, वालाचे वाण मडक्यांत जपले, त्यांना पद्मश्री मिळाली. परळच्या प्रयोगशाळेतही वाण जपले जात होते, उंदरांचे. भावंडांची भावंडांशी पिढ्यान्‌पिढ्या जोडी लावायची, की शेवटी सगळे उंदीर जणू एकाच साच्यातले होतात. मग काही वाण असे निघतात की त्यांच्या माद्यांना स्तनाच्या गाठी हटकून होतात, काहींना सहसा होत नाहीत. ‘आयसीआरसी’ हे संस्थेचं इंग्रजी आद्याक्षरी नाव. त्याच नावाचा एक वाण संशोधनाच्या साहित्यात गेला, त्यातल्या माद्यांना या गाठी आपसूक व्हायच्या.

या गाठींचं कोडं जुनं. १९३३ साली अमेरिकेत जॅक्सन प्रयोगशाळेतल्या लोकांच्या लक्षात आलं, की मुलीला गाठ होणार की नाही हे आईच्या वाणावरून ठरतं, बापाच्या नाही. दोघांकडून गुणसूत्रं सारखीच येतात, मग आईचंच पारडं जड का? १९३६ साली जॉन बिटनर यांनी अगदी साधी गोष्ट केली. गाठींच्या वाणाच्या मादीची नुकती जन्मलेली पिल्लं, तिचं दूध पोटात जायच्या आत, उचलून बिनगाठींच्या दाईकडे पाजायला दिली. ती मोठी झाली तेव्हा गाठी फारच कमी. दोष दुधातून जात होता. वर्गात हे सांगितलं असतं तर मुलींनी कान टवकारले असते. मी नाही सांगितलं, अभ्यासक्रमात नव्हतं.

दुधातली ती चीज म्हणजे विषाणू. पण दूध पाजूनही सगळ्यांना गाठी होत नव्हत्या. जी मादी अनेकदा व्याली तिला जास्त, जी कधीच व्याली नाही तिला कमी. त्याआधीच, १९३२ साली, पॅरिसमध्ये लाकासान्य यांनी नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचलं तर नरांनाही स्तनाच्या गाठी झाल्या होत्या. म्हणजे नुसता विषाणू पुरत नाही, संप्रेरकही लागतं. कर्करोगाची प्रवणता, संप्रेरकं आणि विषाणू यांना एकत्र धरून पाहणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या संशोधकांत रणदिवेबाईंचं नाव घेतलं जातं. एक जण विषाणू धरून बसला होता, दुसरा संप्रेरक. बाईंनी दोन्ही टोकं हातात ठेवली. मधली गाठ सुटायला मात्र पुढची तीसेक वर्षं जायची होती, आणि ती आरएनएमध्ये होती.

बारावी शास्त्राचं पुस्तक इंग्रजीत, शिकवणं मराठीत, आणि मुलं शेतकऱ्यांची. त्यामुळे डीएनए आणि आरएनए मी तलाठी कार्यालयातून शिकवायचे. डीएनए म्हणजे दप्तर. ते कार्यालयातच राहतं, कुणाला घरी नेता येत नाही. आरएनए म्हणजे त्यावरून काढलेला सातबाराचा उतारा. उतारा घेऊन सोसायटीत जायचं, तिथे कर्ज मिळतं, म्हणजे प्रथिन बनतं. दप्तर प्रत्येक पेशीत तेच. डोळ्याच्या पेशीतही, आतड्याच्या पेशीतही. फरक एवढाच, की कुठे कोणत्या गटाचा उतारा निघतो, किती निघतात, कुणाच्या सांगण्यावरून निघतात. याला जनुक नियमन म्हणतात, पाच मार्कांना येतं, लॅक ओपेरॉनची आकृती पेन्सिलने काढावी. ‘कुणाच्या सांगण्यावरून’ म्हटलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, ‘सर्कलच्या!’ वर्ग हसायचा. उत्तर फारसं चुकीचं नव्हतं.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत एका गाइडातून मी पाठ केलं होतं, की दप्तरावरून उतारा निघतो, उताऱ्यावरून दप्तरात काही चढत नाही. परीक्षेत तसंच लिहिलं आणि मार्कही पडले. गाइड छापणाऱ्याला पत्ता नव्हता की १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करून नेमकं उलटं दाखवून दिलं होतं. काही विषाणूंच्या अंगात आरएनएच असतं. ते पेशीत शिरतात, स्वतःच्या आरएनएवरून डीएनए लिहितात आणि तो यजमानाच्या गुणसूत्रात घुसवतात. खोट्या उताऱ्यावरून मूळ दप्तरात फेरफार! हे ऐकल्यावर एकाही शेतकऱ्याच्या पोराला उदाहरण समजावून सांगावं लागलं नाही. १९७५ साली दोघांना नोबेल मिळालं. उंदरांच्या दुधातला विषाणू याच जातीचा.

आता संप्रेरकाचं काय? या विषाणूने यजमानाच्या दप्तरात जी नोंद चढवली, तिच्या दोन्ही टोकांना साधारण तेराशे अक्षरांचा एक लांब मजकूर असतो. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून रकाना असतो ना, तसा. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोला कीथ यामामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात पाहिलं, की पेशींना कॉर्टिसोनच्या जातीचं स्टेरॉइड दिलं की विषाणूच्या आरएनएचं प्रमाण भराभर वाढतं. उतारे जास्त टिकतात म्हणून नव्हे, जास्त निघतात म्हणून. १९८१पर्यंत त्यांनी शुद्ध केलेला संप्रेरक-ग्राहक थेट त्या डीएनएवर जाऊन बसतो हे सिद्ध केलं. दोन वर्षांनी तोच तुकडा कापून परक्या जनुकाला जोडला, तर ते जनुकही स्टेरॉइडचं ऐकू लागलं. इतर हक्काच्या रकान्यात शेराच लिहिलेला होता, ‘संप्रेरक आलं की उतारे सोडावेत.’ प्रोजेस्टेरॉनही तोच शेरा वाचतं. मादी गाभण राहिली, अंगावर पाजू लागली, की शरीरात संप्रेरकांची भरती. विषाणूचे उतारे धबाधबा निघतात, दुधात उतरतात, पिल्लात जातात. विषाणूने आपला संसार आईच्या संसाराला जोडून घेतलेला.

संप्रेरकाच्या हुकमाने जनुक कसं चालू होतं, याचं जगातल्या पाठ्यपुस्तकांतलं हे ठरलेलं उदाहरण झालं. त्या पानावर परळचं नाव नसतं. नसावं यात फार गैर काही नाही, रेणूच्या पातळीवरचं काम त्यांचं नव्हतंच. पण ज्या प्रश्नावर ते काम उभं आहे, तो प्रश्न घेऊन एक मराठी बाई पिंजऱ्यांच्या रांगांमधून फिरत होती, तेव्हा त्यासाठी नीट शब्दसुद्धा नव्हते. मला या गोष्टीचं जास्त मोल वाटतं.

साहजिकच पुढचा प्रश्न आला, बायकांच्या दुधात असं काही असतं का? मुंबईत पारशी बायकांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त, समाज छोटा, लग्नं आपसात. उंदरांच्या शुद्ध वाणाशी ताडून पाहावं असं कुणालाही वाटेल. टाटाच्या सत्यवती शिरसाट, ज्यांनी तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरात आणला, आणि इतर मुंबईकर संशोधक अमेरिकेच्या डॅन मूर यांच्याबरोबर या शोधात होते. १९७१ साली ‘नेचर’मध्ये निबंध आला, काही बायकांच्या दुधात विषाणूसारखे कण दिसल्याचा. खळबळ झाली. पुढच्या पन्नास वर्षांत माणसातला तसा विषाणू निर्विवादपणे हाती लागलेला नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण आमच्याकडे अर्धवट ऐकून अंगावरचं दूध तोडणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. पाजणाऱ्या बाईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका उलट कमी होतो.

कुष्ठरोगाचं प्रकरण इथे एका दमात सांगते. रुग्णाच्या गाठीतले जंतू पेशींच्या संवर्धनात वाढवायचा खटपटीचा प्रयोग बाईंच्या प्रयोगशाळेशी जोडलेला. १९५८ साली एक जिवाणू मिळाला, त्याला संस्थेचंच नाव पडलं. तो खुद्द कुष्ठरोगाचा जंतू नव्हे, लांबचा भाऊबंद निघाला. तरी त्यापासून पुढे डॉ. माधव देव यांनी लस बनवली. १९६६ ते १९७० बाई संस्थेच्या हंगामी संचालक. १९७३ साली अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघ काढला. वाशीला संघाचं नोकरदार बायकांचं वसतिगृह आणि पाळणाघर आहे, आणि विज्ञानाच्या संघटनेने पाळणाघर काढावं हे ज्याला विचित्र वाटतं त्याने प्रॅक्टिकलच्या वेळी तापलेलं मूल शेजारणीकडे ठेवलेलं नाही. १९८२ साली पद्मभूषण.

आणि मग राजूर.

आमचा पट्टा सह्याद्रीच्या ऐन पाठीवरचा. कळसूबाई, रतनगड, घाटघर. पाऊस इतका की घरांच्या भिंतींना पावसाळ्यात कुडाचं आवरण बांधतात, आणि मार्च संपला की पाण्यासाठी वणवण. भंडारदऱ्याचं धरण १९२६चं, पाणी खालच्या उसाला. वरती महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वाड्या. भात, नाचणी, वरई, खुरासणी. दिवाळीनंतर अर्धी वाडी नारायणगावला मजुरीला जाते. कणग्या रिकाम्या होतात आषाढ-श्रावणात, नेमकी आवणी जोरात असते तेव्हा. बाई दिवसभर चिखलात वाकलेली, पाठीवर मूल किंवा पोटात मूल. कुर्डू, चाई, तेरा या रानभाज्या तेव्हाच येतात म्हणून निभतं.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावच्याच, बहुधा निरक्षर, बायकांना आरोग्य-कार्यकर्त्या बनवलं होतं. त्या कामाचं जगभर नाव झालं. रणदिवेबाईंनी आमच्याकडे सत्यनिकेतनबरोबर आदिवासी मुलांच्या पोषणाच्या माहितीचा अभ्यास केला, आणि राजूर व नगरच्या आसपासच्या गावांतल्या बायकांना महिला वैज्ञानिक संघाच्या प्रकल्पांतून आरोग्याचे धडे दिले. जामखेडसारखा गाजावाजा याचा झाला नाही.

कर्करोगाच्या संशोधिकेने कुपोषणात का यावं? मला वाटतं, त्यांनी विषय बदललाच नव्हता. अंगात काय आहे आणि बाहेरून काय येतं, यांचा हिशोब त्या पहिल्यापासून मांडत होत्या. उंदरात विषाणू आणि संप्रेरक, इथे पोर आणि कणगी. भूक जनुकांच्या उताऱ्यांपर्यंत पोचते हे आता माहीत झालं आहे. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धाने उपासमार झाली. तेव्हा जी मुलं नुकती पोटात राहिली होती, त्यांच्या डीएनएवर साठ वर्षांनी, २००८च्या अभ्यासात, वाढीशी संबंधित एका जनुकाजवळच्या रासायनिक खुणा बदललेल्या सापडल्या. अक्षरं तीच, शेरे बदललेले. आपल्याकडे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. जन्मतः हडकुळी, पण चरबी राखून असलेली बाळं आणि त्यांचा पुढचा मधुमेहाचा धोका हा धागा त्यातून पुढे आला. ज्या बायकांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध होतं त्यांची बाळं अंगाने बरी निघाली. वरच्या वाडीतल्या कुर्डूच्या भाजीकडे मी तेव्हापासून जरा आदराने पाहते.

बाई २००१ साली गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण त्या ज्या आकड्यांवर वाकून बसल्या असतील, तसले आकडे मी घेतले आहेत. नोकरीच्या सुरुवातीला एनएसएसच्या शिबिरात आम्ही अंगणवाडीताईंना मदत म्हणून वाडीवर वजनं करायचो. समाजमंदिराच्या आढ्याला साल्टरचा तबकडीवाला काटा टांगायचा, खाली कापडी झोळी. आई लेकराला झोळीत घालायची. लेकरू टाहो फोडायचं, लाथा झाडायचं, आणि काटा सात किलोपासून नऊपर्यंत नुसता नाचायचा. पोरीपोरी घाई करायच्या, ‘मॅडम, आठ लिहू का?’ तेव्हा कुपोषणाच्या पहिली ते चौथी अशा श्रेण्या होत्या, सॅम-मॅम ही वर्गवारी नंतर आली. अर्ध्या किलोत पोर दुसऱ्या श्रेणीतून तिसरीत जायचं. मग ताई आईला म्हणायच्या, ‘बाय, तू समोर ये, त्याला दिसंल अशी.’ आई समोर आली की लेकरू हुंदके देत शांत व्हायचं आणि काटा हळूहळू ठरायचा.

एकदा दिवसभरात चाळीस-एक मुलं झाली आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात नोंदवही पुरी करताना माझ्या लक्षात आलं, झोळी लावल्यावर काटा शून्यावर आणलाच नव्हता. झोळी ओली, तीनशे ग्रॅम भरली. सगळीच पोरं तेवढ्याने सुखवस्तू लिहिली गेली होती. ताईंनी काही न बोलता माझ्या हातून वही घेतली, लाल पेन काढलं आणि पहिल्या ओळीपासून वजाबाकी सुरू केली.